नवी आवृत्ती आली म्हणून जुनी रद्दीत घालायची का? खान्देशातल्या काही पुस्तकांची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण सवड काढून वाचा. विषय जुन्या पुस्तकांचा आहे. तरी शेवटी तो सातपुड्यातल्या वनपट्ट्यापर्यंत जाऊन पोचतो.

१८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेचा बारावा खंड निघाला. नाव 'खान्देश'. मालिकेचे संपादक जेम्स कॅम्पबेल. तेव्हा जळगाव जिल्हा नव्हता, धुळे जिल्हाही नव्हता, नंदुरबारचा तर प्रश्नच नाही. एकच खान्देश जिल्हा आणि त्याचं मुख्य ठिकाण धुळं. पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन ब्रिग्ज इथे आला, त्याने धुळं निवडलं, तेव्हापासूनची ही व्यवस्था. १९०६ मध्ये इंग्रजांनी जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. स्वातंत्र्यानंतर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला.

जिल्हे बदलले तशी पुस्तकंही बदलली. महाराष्ट्र सरकारने जळगावचं नवं गॅझेटियर १९६२ मध्ये काढलं, धुळ्याचं १९७४ मध्ये. सरकारी भाषेत याला आता दर्शनिका म्हणतात. नवं पुस्तक आलं, आकडे ताजे झाले, देश स्वतंत्र झाल्याचं त्यात आलं. मग १८८० च्या त्या जाडजूड इंग्रजी पुस्तकाचं काय करायचं?

साधा माणूस म्हणेल, नवं आलंय ना, जुनं कशाला? वेळापत्रक नवं आलं की जुनं आपण फेकतोच की. पण गॅझेटियर म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक नव्हे. १८८० च्या पुस्तकात १८७२ च्या जनगणनेचे आकडे आहेत. त्याच वर्षी पांझरेला आलेल्या पुराने धुळ्याची काय दशा केली ते आहे. ताप्ती व्हॅली रेल्वे अजून झालेली नव्हती तेव्हाचा व्यापार आहे. कापसाने जळगावला नुकतं कुठे बाळसं धरलं होतं, तो काळ आहे. सगळ्यात शेवटी गावोगावची माहिती आहे. हे सगळं १९६२ आणि १९७४ च्या लोकांना पुन्हा लिहिता येणं शक्यच नव्हतं, कारण ते बघणारी माणसं तोवर गेली होती. उलट १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. ते १८८० च्या पुस्तकात कसं सापडेल? प्रत्येक आवृत्ती आपापल्या काळाची साक्षीदार असते. दुसरा साक्षीदार आला म्हणून पहिल्याला कोर्टातून हाकलत नाहीत.

कोर्टाचा शब्द मुद्दाम वापरला. २००६ चा वनहक्क कायदा आपल्याकडे चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या पट्ट्यात घरोघरी माहीत आहे. या कायद्याचे नियम २००८ मध्ये आले. त्यातल्या १३ व्या नियमात दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील याची यादी आहे. त्या यादीत जनगणना, मोजणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे यांच्यासोबत गॅझेटियर स्पष्ट नाव घेऊन आलेलं आहे. एकाच पुराव्यावर भागत नाही, एकाहून जास्त लागतात. आता बघा, आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. पण इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करणाऱ्याला त्या तारखेच्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात. हिशेब करा. १९३० च्या पलीकडे जावं लागतं. तिथे १९७४ चं पुस्तक फारसं कामाचं नाही. तिथे १८८० चंच पुस्तक लागतं.

गॅझेटियरमध्ये कोणाच्या शेताचा गट नंबर सापडणार नाही, हे खरं. पण या डोंगरात कोण राहत होतं, कोणती वस्ती कुठे होती, लोक जंगलातून काय आणत होते, गुरं कुठे चारत होते, याला आधार मिळतो. सामूहिक हक्काच्या दाव्यात तर हा आधार मोठाच. ग्रामसभेच्या ठरावाला आणि म्हाताऱ्या माणसांच्या जबाबाला छापील ओळीची जोड मिळते. आता तालुक्याच्या ग्रंथालयाने 'जुनं, जीर्ण, नवी आवृत्ती उपलब्ध' असा शेरा मारून ते पुस्तक काढून टाकलं तर नुकसान कोणाचं? पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाचं नाही. त्याला ते कुठेही मिळेल.

इथे सरकारचं एक काम चांगलं झालंय, ते सांगितलं पाहिजे. दर्शनिका विभागाने इलाख्याचे जुने खंड टाकून दिले नाहीत. ते संगणकावर आणले, इंटरनेटवर ठेवले. नव्या आवृत्तीचा प्रकाशक जुन्या आवृत्तीलाही आपलं मानतो, असं फार कमी वेळा होतं. अडचण एवढीच की पुस्तक इंग्रजीत आहे, आणि ज्या पाड्यावर त्याची गरज आहे तिथे ते वाचून सांगणारं कोणी नसतं.

त्या पुस्तकाचे दोषही झाकायला नकोत. ते राज्यकर्त्यांनी राज्य करण्यासाठी लिहून घेतलेलं आहे. १८२५ मध्ये आउट्रमने भिल्ल कोअर उभी केली, त्याचं त्यात मोठं कौतुक आहे. पण भिल्लांची बाजू भिल्लांच्या तोंडून कुठेही नाही. काही जमातींबद्दलची भाषा तर आज वाचवत नाही. म्हणून कोणी म्हणेल, हे भाग गाळून नवी 'सुधारित' प्रत काढा. ते मात्र अजिबात करू नये. मजकूर आहे तसा ठेवावा आणि चुकीचं काय, का, हे सांगणारी वेगळी प्रस्तावना जोडावी. जुन्या आवृत्तीत हात घातला की ती जुनी राहत नाही. मग ती पुरावा म्हणूनही चालत नाही.

बरं, हा विचार काही आजचा नाही. आपल्या धुळ्यात तो शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे.

शंकर श्रीकृष्ण देव, म्हणजे नानासाहेब देव. धुळ्यातले वकील. १८९३ मध्ये त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली. दासबोध तेव्हा छापलेला मिळतच होता. देवांचा प्रश्न वेगळा होता: हा छापलेला दासबोध समर्थांचाच आहे हे कशावरून? पोथी हातोहात उतरवली जाते तेव्हा उतरवणारा कुठे शब्द सोपा करतो, कुठे ओवी घालतो, कुठे गाळतो. म्हणून त्यांनी परांड्याजवळच्या डोमगाव मठातली, समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची प्रत आधाराला घेतली आणि १९०५ मध्ये दासबोध छापला. पुढे १९३५ मध्ये श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं. रामदासी मठांमधून गोळा केलेली बाडं, हस्तलिखितं तिथे आहेत. खुद्द समर्थांच्या हातचं वाल्मीकि रामायणही तिथेच आहे. लोक देवळात मूर्ती बघायला जातात, इथे देव म्हणून पोथ्या ठेवल्या आहेत.

देवांचे जोडीदार म्हणजे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. त्यांची ज्ञानेश्वरीची गोष्ट याहून मोठी आहे, आणि आवृत्त्यांच्या भांडणाचा तर तो नमुनाच आहे.

ज्ञानेश्वरी १२९० ची. जवळपास तीनशे वर्षं ती हातांनी उतरत राहिली आणि पाठ बिघडत गेले. १५८४ मध्ये संत एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या, शुद्ध प्रत तयार केली आणि पुढे यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. आजच्या भाषेत सांगायचं तर संपादित आवृत्ती, आणि पुढच्यांना बजावणी. वारकऱ्यांनी ती मानली. आपल्याकडे गावोगावच्या सप्ताहात पारायणाला जी ज्ञानेश्वरी असते, मग ती साखरे महाराजांच्या परंपरेची असो की सोनोपंत दांडेकरांची, तिच्यामागे ही एकनाथी परंपरा आहे.

राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळीच प्रत पुढे आणली. पाटांगणला मिळालेली पोथी, आणि ती एकनाथांच्याही आधीची आहे असं त्यांचं म्हणणं. तिच्यातली भाषा जुनी, रूपं जुनी. त्या आधारावर त्यांनी ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरणही लिहिलं. साहजिकच वाद पेटला. भाविक म्हणाले, नाथांनी शुद्ध केलेली प्रत असताना ही कशाला? अभ्यासक म्हणाले, मूळ पोथी दाखवा. आणि पोथी काही अभ्यासकांच्या हाती लागली नाही. राजवाड्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेलच, तो माणूस कोणाची मनधरणी करणारा नव्हता.

पुढे काय झालं बघा. १९६० मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्ञानेश्वरीची शासकीय प्रत काढायचं ठरवलं. समिती नेमली. समितीत स्वतः सोनोपंत दांडेकर, ज्यांची ज्ञानेश्वरी घराघरात होती. आणि या शासकीय प्रतीसाठी आधार धरला तो राजवाड्यांच्या प्रतीचा! पन्नास वर्षांपूर्वी छापलेली, वादात सापडलेली, अभ्यासकांच्या कपाटातली आवृत्ती थेट सरकारी झाली.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, मूळ पोथी हाती नसताना राजवाड्यांची छापील आवृत्ती हाच तिचा एकमेव पुरावा उरला. ती छापली नसती तर सगळंच गेलं असतं. दुसरी, शासकीय प्रत आल्यामुळे पारायणाची प्रत बंद पडली नाही. आजही सप्ताहात बसणारा माणूस आपली नेहमीची पोथी उघडतो आणि विद्यापीठातला विद्यार्थी राजवाडे प्रत उघडतो. दोघांचंही काही अडत नाही, कारण दोन्ही आवृत्त्यांना छापणारे मिळाले.

राजवाड्यांच्या स्वतःच्या लेखनाचं नशीबही यातच अडकलेलं होतं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांनी २२ खंड काढले. पहिला १८९८ चा. हे खंड एका प्रकाशकाने, एका गावात छापलेले नाहीत. काही कोल्हापूरच्या प्रा. विजापूरकरांच्या ग्रंथमालेतून आले, काही दुसरीकडून. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं तेही राजवाड्यांनीच, आणि मतभेद झाल्यावर ते सोडलंही त्यांनीच. शेवटची वर्षं धुळ्यात काढली. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले. मागे उरले कागदांचे ढीग आणि बाजारात न मिळणारे खंड.

१९२७ मध्ये धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ काढलं. दप्तरं सांभाळली, 'संशोधक' त्रैमासिक चालवलं. आणि १९९५ ते १९९८ या काळात प्रा. मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचं समग्र साहित्य १३ खंडांत पुन्हा छापून काढलं. कायद्याने राजवाड्यांच्या लेखनाचा हक्क १९७६ अखेर संपला होता. तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत होती. म्हणजे १९७७ पासून हे खंड भारतात कोणीही छापू शकत होतं. पुण्यामुंबईचे मोठे प्रकाशक होते, विद्यापीठं होती. पण एवढा पसारा अंगावर घेतला तो पांझरेकाठच्या एका मंडळाने. हे आपण धुळेकर, जळगावकर अभिमानाने किती वेळा सांगतो?

त्यातही एक खाच आहे. इतिहासाच्या शेकडो पुस्तकांच्या तळटीपांत 'राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक' असं लिहिलेलं असतं. ते आकडे जुन्या २२ खंडांचे. तुमच्या ग्रंथालयाने नवा संच घेतला म्हणून जुने खंड काढून टाकले, तर त्या तळटीपा कशाशी ताडून बघणार? नवा संच वाचायला, जुना ताडून पाहायला. दोन्ही हवेत.

हा प्रश्न फक्त आपला किंवा फक्त इतिहासाचा नाही. अमेरिकेत १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. खेळाचे नियम जाड पुस्तकांत असतात आणि दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येते. नवी आली की कंपनीचं लक्ष नव्यावर. जुन्या नियमांनी खेळणारे नाराज होतात. २००९ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने चोरट्या प्रतींचं कारण देऊन पुस्तकांच्या डिजिटल प्रती विकणंच थांबवलं, त्यात जुन्या आवृत्त्याही गेल्या. पण २००० मध्ये कंपनीनेच नियमांचा गाभा एका मोकळ्या परवान्याखाली खुला केला होता. त्याचा आधार घेऊन चाहत्यांनी २००६ मध्येच पहिल्या आवृत्तीच्या वळणाचे नियम स्वतः लिहून फुकट वाटले होते. शेवटी कंपनीलाही उमगलं. २०१२ मध्ये पहिल्या आवृत्तीची पुस्तकं पुन्हा छापली, २०१३ च्या जानेवारीपासून जुन्या डिजिटल प्रती पुन्हा विकायला काढल्या. खेळाच्या पुस्तकासाठी लोक एवढं झगडतात. आपल्याकडे तर प्रश्न भाषेचा आणि जमिनीचा आहे.

मात्र मोकळीक मिळाली म्हणजे सगळं आपोआप नीट होतं असंही नाही. साने गुरुजींचंच बघा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले मास्तर. ११ जून १९५० ला गेले. मुदत दरम्यान ६० वर्षांची झाल्यामुळे २०११ पासून त्यांची पुस्तकं सगळ्यांना खुली झाली. 'श्यामची आई' आता कितीतरी प्रकाशक छापतात. स्वस्त मिळते, चांगलंच आहे. पण काही प्रती संक्षिप्त असतात, आणि मुखपृष्ठावर ते ठळक लिहिलेलं असतंच असं नाही. पोरासाठी घ्यायला गेलात तर अनुक्रमणिका उघडा आणि रात्री मोजा. ४२ भरल्या तर पूर्ण पुस्तक.

याच्या उलट 'गीता प्रवचने'. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलं. पवनारचं परंधाम प्रकाशन वर्षानुवर्षं ते कमी किमतीत आणि एकाच पाठाने देत आलंय. आजोबांची प्रत आणि नातवाची प्रत जुळते. प्रकाशकाने जुन्याला आधार देणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

आणि आपली बहिणाबाई. ती गेली १९५१ च्या डिसेंबरात, गाणी पुस्तकात आली १९५२ मध्ये, आचार्य अत्रेंनी ती उचलून धरल्यावर. तिची भाषा आसोद्याची, लेवा गणबोलीची. तिच्यातलं एखादं अक्षर प्रमाण मराठीप्रमाणे 'शुद्ध' केलं की चाल मोडते आणि बाईचा आवाजही जातो. जितक्या नव्या प्रती निघतील तितका हा धोका वाढणार. २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. मग पहिल्या आवृत्तीबरहुकूम पाठ, खाली शब्दार्थ, पाठभेदांची नोंद, अशी एक पक्की प्रत कायम छापत राहण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची?

आता काय करता येईल ते सांगतो. मोठी आंदोलनं नकोत, साधी कामं आहेत.

१) जळगाव, धुळे जिल्ह्यातल्या प्रत्येक 'अ' आणि 'ब' वर्गाच्या ग्रंथालयात एक कपाट असं असावं की ज्यातलं पुस्तक बाद करायचं नाही. गॅझेटियरच्या सगळ्या आवृत्त्या, राजवाड्यांचे जुने-नवे खंड, देवांचा दासबोध, बहिणाबाईच्या जुन्या प्रती त्यात. ग्रंथालयाच्या कार्यकारिणीने एक ठराव केला की झालं.

२) १८८० च्या गॅझेटियरमधला डोंगरपट्ट्याचा, जंगलाचा आणि लोकवस्तीचा भाग मराठीत आणून ग्रामसभांना द्यावा. भाषांतरासोबत मूळ इंग्रजी पान शेजारी छापावं, म्हणजे दाव्याला जोडता येईल. विद्यापीठाच्या इतिहास आणि इंग्रजी विभागांच्या मुलांना दोन वर्षांचं काम आहे.

३) राजवाडे मंडळ आणि वाग्देवता मंदिर यांना भेट द्या. नुसते फोटो काढून येऊ नका, एखादं पुस्तक विकत घ्या. अशा संस्था हारतुऱ्यांवर चालत नाहीत.

४) वाड्यात, माळ्यावर, आजोबांच्या पेटीत जुनी पुस्तकं असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी पहिलं पान बघा. आवृत्ती कितवी, साल कोणतं, छापखाना कुठला. शंका आली तर जवळच्या ग्रंथालयाला दाखवा.

प्रकाशकाला नवी आवृत्ती विकायची असते, त्यात गैर काही नाही, त्याचं पोट आहे. पण जुनीला आधार देणारा कोणीतरी लागतो. कधी तो सरकार असतं, कधी मठ, कधी धुळ्यासारख्या गावातलं मंडळ. आणि कोणीच नसेल तर तो वाचक असतो, म्हणजे तुम्ही-आम्ही.

तुमच्या गावच्या वाचनालयात यातलं काय आहे, ते जाऊन बघा आणि खाली लिहा. गावाचं नाव, पुस्तकाचं नाव, साल, एवढंच पुरे. खान्देशची यादी आपणच करूया.